आप्पांची आर्मेनियन पंगत

आमच्या घरमालकांचं, म्हणजे आप्पांचं, घड्याळ कायम दीड तास मागं असायचं, आणि ते त्यांनी मुद्दाम मागं ठेवलेलं होतं. दहाच्या ग्रामसभेला हे साडेअकराला पोचणार. कुणी टोकलंच तर मनगट पुढं करायचे. "ह्ये बघा. आर्मेनियात आत्ता धाच वाजल्यात." मग अशा काही शांतपणानं खुर्चीत बसायचे, की वाटावं, उशीर आम्हा सगळ्यांनाच झालाय.

आठ दिवस. फक्त आठ दिवस हा गृहस्थ आर्मेनियाला जाऊन आला होता. तोही द्राक्ष बागायतदारांच्या अभ्यास दौऱ्यात, तीस जणांच्या घोळक्यात, पिशवीत ठेच्याची बरणी घेऊन. बाकीचे एकोणतीस जण परत आले आणि मुकाट्यानं आपापल्या बागेत शिरले. आप्पा मात्र तिकडचेच होऊन आले.

मी गुरांचा डॉक्टर. मूळचा दौंडचा. शिरूर तालुक्यात, मांडवगण फराट्याच्या पुढच्या एका गावात माझी बदली झाली आणि मी आप्पांच्या घरातली पुढची खोली भाड्यानं घेतली. खोली देताना त्यांनी दोनच प्रश्न विचारले. मटण-मच्छी खाता का? आणि आर्मेनिया कुठं हाय ठाऊक हाय का? पहिल्या प्रश्नाला मी खोटं बोललो, दुसऱ्याला खरं. खोटं आजतागायत पचलं. खरं बोललो त्याची शिक्षा मात्र त्याच दुपारपासून सुरू झाली, ती तीन वर्षं चालली.

तर त्या आर्मेनियाचा एक डोंगर आहे. त्या लोकांचा अगदी जीव की प्राण. बाटलीवर त्याचं चित्र, भिंतीवर त्याचं चित्र, देव्हाऱ्यात ठेवायचा तेवढा बाकी. पण डोंगर उभा आहे शेजारच्या देशाच्या हद्दीत. गाईडनं हे सांगितल्यावर एकोणतीस जणांनी डोंगराचे फोटो काढले. आप्पांना तिथल्या तिथं घाम फुटला. "आरारा! बांध कोरला की वो ह्यांचा!" आप्पांच्या वरच्या पट्टीचा बांध त्यांच्या चुलतभावानं असाच दरवर्षी वीतभर करून कोरत आणला होता. त्यामुळं एवढ्या लांबच्या देशाचं दुःख त्यांना भाषा न येता कळलं. मी राहायला आल्यावर त्यांनी मला अर्ज लिहायला बसवलं. विषय, सरकारी मोजणी आणून डोंगराची हद्द कायम करणेबाबत. "लिवा डॉक्टर, तुमचं अक्षर बरं हाय." मी लिहिला. काय करणार, खोली दुसरी मिळत नव्हती. तो अर्ज अजून माझ्या ट्रंकेत आहे.

पण डोंगर राहू द्या. खरं वेड होतं त्या रस्त्याचं.

तिथल्या राजधानीत दरवर्षी मे महिन्यात एक अख्खा रस्ता बंद करतात आणि गावोगावचे शेतकरी आपापली वाईन घेऊन रस्त्यावर मांडून बसतात. तीन दिवस नुसती जत्रा. गाणी, नाच, हातात गलास. आप्पा त्या गर्दीत आपल्या घोळक्यापासून चुकले. एका म्हाताऱ्या आर्मेनियन शेतकऱ्यानं त्यांना हाताला धरून आपल्या पिंपाशेजारी बसवलं आणि गलास भरून पुढं केला. आप्पा माळकरी. दारू सोडा, लग्नाच्या पंगतीतली बासुंदीसुद्धा आधी वास घेऊन बघणार. त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ काढून दाखवली. म्हाताऱ्याला वाटलं, पाहुणा गळ्यातला दागिना दाखवतोय. त्यानं आपल्या गळ्यातला क्रूस काढून दाखवला. मग दोघं बराच वेळ एकमेकांना गळ्यातलं दाखवत बसले. शेवटी म्हाताऱ्याचं डोकं चाललं. त्यानं वाईन स्वतः प्यायली आणि त्याच गलासात आप्पांना थंड पाणी दिलं. आप्पांचा जीव पाण्यानं विरघळला. ते उठले, म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही आमच्याकडं या. ह्योच थाट मी आमच्या गल्लीत मांडून दाखवतो. शबूद हाय माझा."

म्हाताऱ्यानं मान हलवली. त्याला काय कळलं असेल ते देव जाणे. पण आप्पांच्या लेखी शब्द दिला म्हणजे दिला.

आता काकींचं सांगतो, म्हणजे घोटाळा काय झाला ते कळेल. काकी म्हणजे आप्पांच्या कारभारीण. माहेर पाटसचं. त्यांचा पाठचा एकुलता एक भाऊ दारूपायी ऐन चाळिशीत गेला. उसाचा ट्रॅक्टर चालवायचा, गुणी माणूस, हसरा, आणि सकाळपासून प्यायचा. तो गेल्यावर काकींनी गावातल्या बायका गोळा केल्या, मतदान लावलं आणि बाटली आडवी केली. म्हणजे उभ्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान चालू, आडव्या बाटलीवर मारला तर बंद. आमच्या गावात बाटली अशी आडवी पडली की पुन्हा उठली नाही. आणि त्याच बाईचा नवरा परदेशातून येऊन ओट्यावर उभा राहून म्हणतो, "आपल्या गल्लीत वाईनचा महोत्सव करायचा!"

काकी भाकरी थापत होत्या. त्यांनी हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाल्या, "ह्या गल्लीत वाईनचा एक थेंब जरी सांडला, तर त्याच पावली मी पाटसला जाईन. आन् परत यायची न्हाई."

नवऱ्याशी बोललेलं ते त्यांचं शेवटचं वाक्य. आप्पाही हट्टाला पेटले, त्यांनीही बोलणं टाकलं. दोघांना मूलबाळ नव्हतं. मधे बोलायला उरलो कोण? तर पुढच्या खोलीतला भाडेकरू.

"डॉक्टर, त्यांला सांगा, जेवायला वाढलंय."

"डॉक्टर, तिला सांगा, आर्मेनियात ह्या वक्ताला कुणी जेवत न्हाई."

"डॉक्टर, त्यांला सांगा, मग आर्मेनियातच जाऊन जेवा."

दोघं एका खोलीत, चार हातांवर, आणि मी चौकटीत उभा. दिवसभर गाभण गाई तपासून आलेला माणूस, अंगाला शेणाचा वास, आणि हे असलं वकीलपत्र. एकदा आप्पांनी तिकडच्या रिवाजाप्रमाणं परसात मोठा रांजण गळ्यापर्यंत पुरला. तिकडं वाईन अशीच जमिनीत मुरवतात म्हणे. सकाळी बघतात तो रांजणात काकींची खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली. "डॉक्टर, तिला सांगा, कोंबडी काढ." "डॉक्टर, त्यांला सांगा, एकवीस दिवस हलायची न्हाई. खोटं वाटत आसंल तर तुम्हीच सांगा, तुम्ही शिकल्यात." मी शिकलेला होतो. एकवीस दिवस, हे मला कबूल करावं लागलं. आप्पा तीन आठवडे माझ्यावर रुसले.

पण महोत्सव झाला. मारुतीच्या देवळापासून दूध डेअरीपर्यंतचा रस्ता अडवून, कापडी फलक लावून झाला. वाईनचा प्रश्न आप्पांनी असा सोडवला की वाईनच ठेवली नाही. बागेतल्या काळ्या द्राक्षांचा रस काढून दूध डेअरीच्या बर्फात ठेवला आणि त्यालाच वाईन म्हणायचं ठरलं. काकींना उंबऱ्यातून वास घेऊन खात्री करता यावी म्हणून एक तांब्या मी सकाळीच त्यांच्यापुढं धरायचो.

खरी अडचण निघाली ती वेगळीच. आप्पा गावाला समजावून सांगत होते, "तिथं लोक हातात गलास घिऊन हिंडत्यात. हिंडत हिंडत पित्यात."

"उभ्यानं?" सरपंच म्हणाले.

"उभ्यानं."

"आन् यजमान बघत बसतो? पाव्हण्याला बसा म्हणत न्हाई?" सरपंचांना खरोखर वाईट वाटलं. "आप्पा, आपल्याकडं असं कुणाला उभ्यानं घालून पाठवलं तर सोयरीक तुटंल. ते काय न्हाई. पंगत घालू."

झालं. आर्मेनियन वाईन महोत्सवाची पंगत बसली. रस्त्याच्या दोन्ही कडांना लांबच लांब सतरंज्या, पुढं पत्रावळ्या, पत्रावळीवर भात, वरण, बुंदी, आणि डाव्या हाताला द्रोण. तिकडं वाईनबरोबर चीज देतात, इकडं माझ्या ओळखीनं नुकत्या व्यालेल्या दोन गाईंचा खरवस आला. वाढपी बादल्या घेऊन धावत होते. "वाईन, वाईन, वाईन! बोला, कुणाला वाईन? आबा, लाजू नका, घ्या अजून एक डाव!" द्रोण गळत होते. माणसं द्रोणाखाली तळहात धरून भुरके मारत होती. कुणीतरी पोलिसांना कळवलं होतं, म्हणून एक हवालदार आले. खात्री करून घेण्यासाठी त्यांनी सहा द्रोण प्यायले आणि फार उदास होऊन परत गेले.

त्यात आप्पांनी तिकडची आणखी एक रीत घुसडली. घोट घेण्याआधी एकानं उठायचं आणि कुणाबद्दल तरी चांगलं बोलायचं, मगच सगळ्यांनी प्यायचं. अहो, भावकीनं भरलेलं गाव! कोण कुणाबद्दल चांगलं बोलणार? पहिल्या वर्षी पंगत अर्धा तास द्रोणाकडं बघत नुसती बसून राहिली. शेवटी एक जण उठला आणि आपल्या म्हशीबद्दल बोलला. दोन्ही वेळचं दूध, स्वभाव गरीब, लाथ कशी ती ठाऊक नाही. टाळ्या पडल्या. त्या म्हशीवर मी इलाज केलेला होता, त्यामुळं खोटं कशाला सांगू, मलाही भरून आलं.

असा महोत्सव दोन वर्षं झाला. काकी दोन्ही वर्षं दार लावून घरात. आप्पा पंगतीत फिरताना तीनदा तरी त्या बंद दाराकडं बघायचे. मी ते पाहिलंय. बाहेर गाव पोटभर हसत असायचं आणि यजमानाचा द्रोण तसाच भरलेला असायचा. एकदा मला म्हणाले, "डॉक्टर, शबूद दिलाय म्हणून करतूय. मोडता येईना. तिलाबी तिचा मोडता येईना. दोघंबी येकाच मापाचं गाढव." हा निरोप मात्र त्यांनी मला तिकडं द्यायला सांगितला नाही.

तिसऱ्या वर्षी आर्मेनियन म्हातारा आला. खरोखर आला! आप्पा दरवर्षी पंगतीचे फोटो त्या गाईडला पाठवायचे, गाईड म्हाताऱ्याला दाखवायचा. शेवटी त्या भल्या माणसाला वाटलं, आपल्या नावानं कुठंतरी लांब एवढी माणसं जमिनीवर बसताहेत, जाऊन बघावं. पुण्याच्या विमानतळावर त्याला आणायला आप्पा गेले, आर्मेनियन वेळेनं. म्हातारा बिचारा भारतीय वेळेनं उतरला होता. दीड तास तो पेटीवर बसून होता.

धिप्पाड माणूस, पांढऱ्या मिशा, आणि हात असे की नांगर त्याच्या हातात खेळणं वाटावं. काकींनी त्याला बाजरीची भाकरी आणि पिठलं वाढलं, त्यानं चार भाकरी खाल्ल्या आणि काकींचं त्याच्याबद्दल मत चांगलं झालं. त्याचं बोलणं मोबाईल हिंदीत करून सांगायचा, तेही बाईच्या आवाजात. मिशीवाला म्हातारा पुटपुटायचा आणि खिशातून एक नाजूक बाई बोलायची. पहिल्या दिवशी शेजारच्या बायका घाबरून पळाल्या.

महोत्सवाच्या दिवशी सकाळी अकराला तीनशे माणूस पंगतीला बसलं. पाहुण्याला फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. चार भाषणं झाली. मग सरपंच म्हणाले, आता पाहुण्यांनी दोन शब्द बोलावेत. पाहुणा उठला, आपल्या पिशवीत हात घातला आणि लोकरी स्वेटरात गुंडाळलेली एक बाटली बाहेर काढली. आम्ही काही समजायच्या आत दातानं बूच उपटलं.

वास आला. खऱ्या वाईनचा वास. तीनशे माणसांच्या पंगतीत बुंदीचा दाणा पडला तरी ऐकू यावा असं झालं.

खिशातली बाई बोलायला लागली. "यह मेरी पत्नी के हाथ के अंगूर हैं. वह अब नहीं है. यह आख़िरी बोतल है. मैं अपने भाई के लिए लाया हूँ." भाई म्हणजे आप्पा. म्हातारा बाटली घेऊन आप्पांच्या द्रोणापाशी वाकला.

मी काकींच्या दाराकडं पाहिलं. दार उघडं होतं. काकी उंबऱ्यात उभ्या होत्या, हातात कापडी पिशवी. ती पिशवी तीन वर्षं खुंटीला भरून टांगलेली होती, हे मला माहीत होतं, आप्पांनाही माहीत होतं. त्यांनी चपला घातल्या आणि पायरी उतरल्या.

आप्पांनी द्रोणावर तळहात आडवा धरला, पंगतीत पुरे म्हणताना धरतात तसा. पाहुण्याला ती खूण ठाऊक नव्हती. तो बाटली तिरकी करून तसाच हसत थांबला. वाईन बाटलीच्या तोंडाशी आली होती. एवढ्या लांबून बायकोची शेवटची आठवण घेऊन आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, आणि हो म्हटलं तर घर उठलं. "डॉक्टर," ते म्हणाले. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

काकी चालत आल्या त्या एसटीच्या थांब्याकडं वळल्या नाहीत, सरळ पाहुण्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, ह्यांला इचारा, आख्खी बाटली दुसऱ्याच्या गावात आणून का वतत्यात? ठेवायची की बायकूची आठवण म्हणून."

मी मोबाईलमध्ये विचारलं. म्हातारा सरळ उभा राहिला. खिशातली बाई म्हणाली, आमच्याकडं गेलेल्या माणसासाठी थोडी जमिनीवर ओततात, मग उरलेली पितात. ज्याच्यासाठी ओतायची राहून जाते, त्याची तहान राहते.

काकींच्या हातातली पिशवी खाली सरकली.

"माझ्या भावाच्या धाव्याला कावळा शिवला न्हाई," त्या म्हणाल्या. कुणाकडंच बघत नव्हत्या. "दुपार टळली तरी शिवंना. सगळी म्हनली, क्वार्टर ठिवा पिंडाशेजारी, तेवढीच त्याची इच्छा ऱ्हायलीय. मी ठिवू दिली न्हाई. जित्यापणी सोडंना, आता मेल्यावरबी मीच पाजू का, म्हनलं. दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आन् घरी आलो. तवापासनं घास गिळताना रोज वाटतंय, त्यो तसाच बसला आसंल." मग त्यांनी पदर खोचला. "ह्यांला इचारा, थोडी मला देतील का? हितं न्हाई सांडायची. पाटसला."

म्हाताऱ्याला मोबाईलनं किती सांगितलं ठाऊक नाही. त्यानं बाटलीच्या तोंडावर अंगठा दाबला आणि आप्पांच्या पिकअपकडं चालायला लागला. पुढं आप्पा, मधे काकी, कडेला फेटेवाला आर्मेनियन, मांडीत बाटली. मागच्या हौद्यात मी, एक भरलेली पत्रावळ सांभाळत. पंगतीकडं बघून सरपंच ओरडले, "यजमान उठलेत, पण पंगत उठायची न्हाई! कुणी हात लावायचा न्हाई!" कुणीच लावला नाही. पाटस तासाभराच्या वर. उन्हानं माझं टाळकं तापलं होतं.

गावाबाहेर दहाव्याचा ओटा आहे, शेजारी चिंच. काकींनी पत्रावळ ओट्यावर ठेवली, पाहुण्याच्या हातातून बाटली घेतली आणि निम्मी ओतली. हळूहळू, लहान पोराला पाणी पाजावं तशी. "घे रं बाबा," म्हणाल्या. "आज घे."

आणि आम्ही कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. दुपारचे दोन वाजलेले, चिटपाखरू नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काकींचं तोंड पडत चाललं. मग आप्पांनी धोतर सावरलं, मान वर केली आणि ओरडले, "काव! काव! काव!" अडुसष्ट वर्षांचा माळकरी माणूस. पाहुण्याला वाटलं, हीच इथली प्रार्थना असणार. त्यानं छातीवर हात ठेवला आणि त्या पहाडी आवाजात सुरू केलं, "काव! काव!" रस्त्यानं जाणारा एक ट्रॅक्टर थांबला. मग मीही ओरडलो. शरम वाटायला पाहिजे होती, पण वाटली नाही.

एक कावळा आला. चिंचेवर बसला, खाली तीन माणसं बोंबलताना बघितली आणि तसाच उडून गेला.

"अहो, घाबरवला की तुम्ही त्याला!" काकी ओरडल्या.

आप्पा गपकन थांबले. तीन वर्षांत काकी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं, मी चटकन दुसरीकडं पाहिलं. आपलं काम संपलं, एवढं मला कळलं होतं.

"मग... मग आता?" आप्पा म्हणाले.

"मग काय! गप उभं ऱ्हावा जरा. सगळ्यालाच मेली घाई."

त्यांनी आप्पांची बाही धरून त्यांना चिंचेखाली ओढलं. पाहुण्याला आप्पांनी ओढलं, मला पाहुण्यानं. आम्ही चौघं बुंध्याला टेकून श्वास धरून उभे. किती वेळ गेला कुणास ठाऊक. कावळा फिरून आला. फांदीवरून ओट्यावर उतरला, ओल्या फरशीवर दोन पावलं चालला, पत्रावळीत चोच घातली.

काकींनी पदर तोंडाला लावला आणि उभ्या उभ्या हमसून रडल्या. आप्पा त्यांच्या पाठीवर थोपटत राहिले. थोड्या वेळानं काकींनी डोळे पुसले, बाटलीत उरलेली वाईन पाहुण्याच्या हातात दिली आणि आप्पांना म्हणाल्या, "चला आता. तिकडं माणसं उपाशी बसल्यात."